बनी तो बनी, नहीं तो फॉरमॅट

परभणीच्या माणसाला पुण्यात एक वाक्य हमखास ऐकावं लागतं. गाव कोणतं म्हणून विचारलं, आपण सांगितलं, की समोरचा लगेच म्हणणार, "बनी तो बनी, नहीं तो परभणी!" आणि स्वतःच हसणार. जमलं तर जमलं, नाहीतर परभणी आहेच. मला या म्हणीचा कधी राग आला नाही. ऊन, धूळ आणि लाइट यांचा हिशोब धरला तर म्हण करणाऱ्याची अगदीच चूक नव्हती. पण गेल्या वर्षीपासून मला या म्हणीची दुसरी आवृत्ती जिकडेतिकडे ऐकू यायला लागली आहे. घरचा कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हटलं, की मेकॅनिकपासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर. बनी तो बनी, नहीं तो फॉरमॅट.

आजचा विषय हाच. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांनी तयारीत राहावं. फॉरमॅट हा दुरुस्तीचा प्रकार नाही. बिघाड शोधायचा कंटाळा केला, याची ती पावती आहे. आणि यातला मोठा गुन्हेगार गल्लीतला मेकॅनिक नाही. हिंजवडीत एसीत बसून "हो हो, मारू द्या" म्हणणारे तुम्ही-आम्ही आहोत. कसं ते सांगतो.

जून २०२५. गुरुवारची दुपार, मी क्लायंटच्या कॉलवर, आणि अण्णांचा फोन. आमचे अण्णा जिल्हा परिषदेचे निवृत्त मास्तर. परभणीत राहतात, गावाकडं चार एकर रान आहे. एरवी कामाच्या वेळी ते कधी फोन करत नाहीत. "अरे, ते चालूच होईना गेलंय. निळं व्हायलंय अन् परत बंद पडायलंय." मी आवाज म्यूट करून, दबक्या सुरात, चार वर्षांच्या इंजिनिअरिंगचं सार त्यांना सांगितलं, "रिस्टार्ट करा." अण्णा म्हणाले, "सकाळपासून तेच करायलोय."

मग त्यांनी चौकातल्या मेकॅनिकला बोलावलं. पोरगा चांगला आहे, धावून येतो. त्यानं निळा पडदा पाहिला आणि पाच मिनिटांत निकाल दिला, "सर, विंडोज उडालंय. फॉरमॅटच मारावं लागतंय. पाचशे रुपये." अण्णांनी मला परत फोन केला. परवानगी मागायला! ज्या माणसानं मला मुळाक्षरं शिकवली, तो मला विचारत होता, "मारू देऊ का?" आणि मी, कॉलवर कुणीतरी माझं नाव घेतलं म्हणून घाईघाईत म्हणालो, "मारू द्या."

त्या कॉम्प्युटरमध्ये काय होतं? अण्णांची एक एक्सेल फाइल होती. २०१४ पासूनची. दर पावसाळ्यात रानात किती मिलिमीटर पाऊस पडला (साधं पर्जन्यमापक आहे आमच्याकडे, अण्णांनी स्वतः बसवलेलं), पेरणी कोणत्या तारखेला झाली, बियाणं कोणतं, खत किती, सोयाबीन, कापूस आणि तूर कितीला गेली. २०१५ चा दुष्काळ त्यात आहे. १ आणि २ सप्टेंबर २०२४ ला मराठवाड्यावर कोसळलेला पाऊस त्यात आहे. अकरा वर्षं एका मास्तरानं रोज संध्याकाळी बसून टाइप केलेली ती शेती. आणि ही फाइल कुठं होती? डेस्कटॉपवर. म्हणजे सी ड्राइव्हवर. म्हणजे फॉरमॅटमध्ये पहिल्या घासाला जाणार तिथंच. दुसरी प्रत? नव्हती.

ती फाइल आज आहे. माझ्या हुशारीमुळे नाही. मेकॅनिकनं पेनड्राइव्ह लावला आणि तेवढ्यात लाइट गेली! जूनचं वादळ, कुठंतरी तारेवर झाड पडलं, संध्याकाळपर्यंत वीज आलीच नाही. मेकॅनिक "उद्या-परवा येतो" म्हणून गेला. आयुष्यभर ज्या लाइट जाण्याला शिव्या दिल्या, तिनंच वाचवलं. मला शुक्रवारी रात्री तसंही एका लग्नासाठी गावी जायचंच होतं. ट्रॅव्हल्समध्ये झोप लागेना तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला, की अण्णांची 'शेती' नावाची फाइल... च्यायला! आपण काय बोलून बसलो?

शनिवारी सकाळी चहा घेतला आणि कॅबिनेट उघडलं. आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, कारण सगळा वाद इथंच आहे.

"कॉम्प्युटर सुरू होत नाही" हा एक आजार नाही. नांदेडहून मुंबईला निघालेली तपोवन आली नाही, तर आपण स्टेशनवर काय विचारतो? "गाडी कुठं आहे?" पूर्णेलाच उभी आहे, की अजून नांदेडहूनच सुटली नाही? कारणं वेगळी, उपाय वेगळे. कॉम्प्युटरचंही तसंच. बटण दाबल्यावर गाडी साधारण चार टप्प्यांतून जाते. पहिला टप्पा विजेचा. एसएमपीएस व्होल्टेज नीट असल्याचा इशारा मदरबोर्डला देतो, मगच पुढचं चालू होतं. दुसरा टप्पा स्वतःच्या तपासणीचा. बायोस प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले आहेत का ते बघतं. काही चुकलं तर स्पीकर असलेला बोर्ड शिट्ट्या मारतो, आणि किती शिट्ट्या, किती लांब, यालाही अर्थ असतो. तिसऱ्या टप्प्यात बायोस डिस्कवर बूटलोडर शोधतं. आणि चौथ्यात ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःचे ड्रायव्हर घेऊन उभी राहते.

आता मला सांगा, पहिल्या दोन टप्प्यांत विंडोजचा संबंध येतो का? रॅमच्या सोनेरी पट्टीवर धूळ बसलीय (परभणीच्या उन्हाळ्यात बसणारच), तिथं खोडरबर फिरवला की काम होतं. एसएमपीएस गेला असेल तर तो बदलावा लागतो. यात फॉरमॅट काय करणार? तिसऱ्या टप्प्यात अनेकदा डिस्कची केबल ढिली असते, नाहीतर कुणाचा तरी पेनड्राइव्ह मागं लावलेला राहून जातो आणि बिचारं बायोस त्यातच विंडोज शोधत बसतं. उरला चौथा टप्पा. तिथं खरंच विंडोजची भानगड असू शकते. आमची गाडी तिथंच अडकली होती. निळा पडदा, वर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. म्हणजे विंडोज उठलं, पण ज्या डिस्कवर ते राहतं तीच त्याला दिसेना.

खरं सांगतो, मीही आधी गाढवपणा केला. रॅम काढून घासली, केबल बदलली, तासभर घाम गाळला. मग अण्णा सहज म्हणाले, "निळं व्हायच्या आधी काळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजी येतंय. एफ-टू दाबा म्हणतंय, म्हणून मी दाबतोय." काय येतंय? मशीन परत चालू करून पाहिलं. 'सीमॉस डेट-टाइम नॉट सेट.' खाली, एफ-वन दाबलं तर सेटिंग, एफ-टू दाबलं तर मूळ सेटिंग घेऊन पुढे. बायोसमध्ये गेलो तर तारीख कित्येक वर्षं मागची!

ट्यूब पेटली. मदरबोर्डवर एक गोल सेल असतो, सीआर-२०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायचं आणि बायोसची सेटिंग्ज सांभाळायची, हे त्याचं काम. तो संपला होता. सेल संपला, सेटिंग्ज पुसली गेली, आणि त्यात डिस्कशी कोणत्या पद्धतीनं बोलायचं ते सेटिंगही गेलं. आमच्या जुन्या बोर्डाचं मूळ सेटिंग आयडीई. विंडोज बसवलेलं एएचसीआय पद्धतीवर. विंडोज आपल्या ओळखीच्या भाषेत हाका मारतंय, डिस्क दुसऱ्याच भाषेत. झालं, निळा पडदा!

आणि एएचसीआय हे सेटिंग केलं कोणी होतं? मी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शेवटच्या वर्षाचं कॉलेज घरून चाललं होतं, तेव्हा त्या मशीनला एसएसडी बसवून मीच विंडोज १० टाकलं होतं. म्हणजे ज्या गोष्टीचा उलगडा जगात एकाच माणसाला चटकन झाला असता, तो माणूस फोनवर "मारू द्या" म्हणत होता.

थांबा, अजून बाकी आहे. सेल असा एका रात्रीत मरत नाही. महिनाभर आधी अण्णांनी मला फोनवर सांगितलं होतं, "अरे, ह्याचं घड्याळ मागं पडायलंय. अन् नेटवर गेलं की 'युवर क्लॉक इज बिहाइंड' म्हणून येतंय, साइट उघडंना." मी काय म्हणालो असेन? बरोबर, "रिस्टार्ट करा." लक्षण समोर होतं. पेशंट स्वतः बोलत होता. डॉक्टर ऐकायला तयार नव्हता.

आणखी एक गंमत. अण्णा रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात. वीज वाचवायची, शिवाय वादळाची भीती. सवय चांगलीच आहे. पण प्लगला वीज असली की घड्याळ त्यावर चालतं, बटण बंद केलं की सगळा भार त्या सेलवर. तो सेल कधी बदलला होता हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. घड्याळाच्या दुकानातून चाळीस रुपयांचा नवा आणला, बसवला, तारीख लावली, एएचसीआय केलं. पुढच्या मिनिटाला विंडोज हजर. डेस्कटॉपवर 'शेती'. आईनं खिचडी टाकली होती, ती शिजायच्या आत काम संपलं.

इथं तुम्ही म्हणाल, बरं मग, सापडला बिघाड, सुखी राहा. यात एवढं चिडायचं काय?

चिडायचं हे, की त्या दिवशी फॉरमॅट मारलं असतं तर ते चाललं असतं. नीट विचार करा. आयडीई सेटिंगवर नवं विंडोज टाकलं असतं तर ते त्याच पद्धतीवर बसलं असतं आणि मशीन झकास सुरू झालं असतं. मेकॅनिक खूश, अण्णा खूश, मी खूश. पाचशे रुपये गेले, अकरा वर्षांची फाइल गेली, आणि सगळ्यांनी मान डोलावली असती की हो, विंडोजच उडालं होतं. संपलेला सेल तसाच. घड्याळ तसंच मागं. दोन दिवसांनी साइट उघडेना म्हणून परत बोंब. फॉरमॅटचं सगळ्यात वाईट काय, तर ते बऱ्याचदा यशस्वी होतं. पुरावाही पुसतं आणि गुन्हाही. त्यामुळे कुणीच काही शिकत नाही, ना मेकॅनिक, ना मालक.

मेकॅनिकवर मात्र मी चिडायला तयार नाही. त्याचं अर्थशास्त्र बघा. फॉरमॅट दिसतं. दोन तास मशीनसमोर बसावं लागतं, पडद्यावर टक्के पळतात, शेवटी नवा कोरा डेस्कटॉप येतो. पाचशे रुपये देताना आपला हात अडखळत नाही. समजा, त्यानंच दहा मिनिटं विचार करून सेल बदलला असता आणि पाचशे मागितले असते, तर? "चाळीस रुपयांच्या सेलचे पाचशे?" म्हणून आपणच भांडलो असतो. आपण कृतीचे पैसे देतो, निदानाचे देत नाही. गावाकडं दवाखान्यात सुई टोचली नाही, सलाईन लावलं नाही तर पेशंटला वाटतं डॉक्टरनं काही केलंच नाही. मग डॉक्टर सुई टोचतो. फॉरमॅट ही आपल्या कॉम्प्युटरची सलाईनची बाटली आहे. मागणी आपली आहे, तो पुरवठा करतो.

आता आपल्याकडे वळू. आपण इंजिनिअर. ८०८६ रीसेट झाला की पहिली आज्ञा कोणत्या पत्त्यावरून घेतो? एफएफएफएफ०. परीक्षेला पाठ होतं की नाही? मायक्रोप्रोसेसरच्या पेपरात लिहून मार्क घेतले. पण घरच्या कॅबिनेटचे स्क्रू किती जणांनी उघडले? आणि एमएस-सीआयटी! २००१ साली सुरू झालेल्या या कोर्सनं महाराष्ट्रातल्या लाखो माणसांना माउस धरायला शिकवलं. अण्णांनीही नोकरीसाठी केला. त्याबद्दल आदरच आहे. पण वर्ड, एक्सेल येणाऱ्या माणसाला पडद्यावर काही वेगळं आलं की ते वाचायचं, लिहून ठेवायचं, एवढं धैर्य कोण देणार? ते आपणच देऊ शकतो, फोनवर, पाच मिनिटांत. आपण काय देतो? "रिस्टार्ट करा."

ऑफिसात आपण असं वागतो का? १९ जुलै २०२४ आठवा. शुक्रवार. क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगभर मशीन्स निळी पडून परत परत रिस्टार्ट व्हायला लागली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख. आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले. तेव्हा कुणी म्हणालं का, "चला, ८५ लाख फॉरमॅट मारू"? नाही. गाडी कुठं अडकली ते शोधलं, चौथ्या टप्प्यावर, एका ड्रायव्हरपाशी. उपाय काय, तर सेफ मोडमध्ये जायचं, त्यांच्या फोल्डरमधली एक फाइल पुसायची, रिस्टार्ट. कित्येक ठिकाणी हे एकेका मशीनपाशी बसून हातानं केलं. क्लायंटच्या डेटासाठी आपण रात्र-रात्र 'रूट कॉज' शोधतो, त्याची सुंदर स्लाइड बनवतो. बापाच्या डेटासाठी आपल्याकडे दोन शब्द असतात. मारू द्या.

न्यायाचं बोलायचं तर फॉरमॅट कधी कधी लागतंच. व्हायरसनं मशीन पोखरलं असेल, विंडोजच्या फायली खरंच खराब झाल्या असतील आणि दुरुस्तीचे मार्ग संपले असतील, किंवा मशीन दुसऱ्याला द्यायचं असेल, तर खुशाल मारा. पण आधी डेटा बाहेर. डिस्क काढून यूएसबी केबलनं दुसऱ्या मशीनला लावा, किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून फायली उचला. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर दुरुस्तीचे प्रयोगही करू नका. फार मोलाचा डेटा असेल तर बंद करून जाणकाराकडे न्या, नाहीतर आधी कॉपी, मग बाकीचं.

एक नवा खड्डाही सांगून ठेवतो. आता बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद असते. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून तर मायक्रोसॉफ्ट खात्यानं नवं इन्स्टॉल केलं की बहुतेक मशीनवर हे सुरूच होतं. बायोसमध्ये कुणी हात घातला किंवा बोर्ड बदलला, की पडदा ४८ आकडी बिटलॉकर किल्ली मागतो. ती नसेल तर डिस्क काढूनही उपयोग नाही. किल्ली खात्यात असते, पण घरच्यांचं ते खातं कोणत्या ईमेलनं उघडलं हे कुणाला आठवतंय? आजच कागदावर लिहा आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, त्यामुळे हल्ली "फॉरमॅट"च्या पुढं "नवीनच घ्या" हेही वाक्य जोडलं जातं. घ्यायचं तर घ्या. पण जुनं सुरू का होत नाही याचं उत्तर ते नव्हे.

तर, घरून फोन आला की "मारू द्या" म्हणायच्या आधी हे पाच प्रश्न विचारायचे. मी फ्रिजवर चिकटवलेत, तुम्ही कुठंही चिकटवा.

१. बटण दाबल्यावर पंखा फिरतो का, दिवा लागतो का?
२. पडद्यावर काही येतं का, शिट्टी वाजते का?
३. जे येतं त्याचा मोबाइलवर फोटो काढून पाठवता का? (अर्धा बिघाड इथंच कळतो.)
४. गेल्या महिन्याभरात काय वेगळं झालं? लाइट, पाऊस, नवं काही लावलं, घड्याळ चुकलं?
५. यातलं हरवलं तर परत मिळणार नाही असं काय आहे, आणि त्याची दुसरी प्रत कुठं आहे?

पाचवा प्रश्न विचारायला मला अकरा वर्षं लागली. आता 'शेती' तीन ठिकाणी आहे. त्या मशीनवर, एका पेनड्राइव्हवर आणि ड्राइव्हवर. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय, सेल बदलल्याची तारीख आणि 'साटा – एएचसीआय'. चौकातल्या त्या मेकॅनिकला मी मुद्दाम बोलावून सगळं दाखवलं आणि त्याच्या फेरीचे पाचशे रुपये दिले. तो घेईना. "सर, मी तर काहीच केलं नाही." मी म्हटलं, पुढच्या वेळी असंच काही न करता आधी बघ, त्याचे आगाऊ समज. हसला आणि घेतले. आता अण्णांना सांगतो म्हणे, "काका, आधी फोटो काढा."

असो. उद्या रविवार आहे. घरी फोन कराल तेव्हा "जेवलात का" झाल्यावर एवढं विचारा, "कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर आहे ना?" आणि उत्तर येईपर्यंत म्यूट करू नका.